आमच्या कॉलनीचं ग्राउंड मोकळंच राहू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र पाठवायची माझी ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे लिहिताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या आणि जागा कमी पडली तर बाकीचं काय वाटेल ते कापा, फक्त ग्राउंडचा भाग कापू नका, कारण सगळं पत्र त्यासाठीच लिहितेय.

मी नाशिकरोडला राहते, जेलरोडच्या आतल्या बाजूला. कॉलनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एक तर भांडण वाढवायचं नाहीये आणि दुसरं म्हणजे आमच्यासारख्या कॉलन्या जेलरोडला, उपनगरला, जयभवानी रोडला, देवळाली गावाकडे कितीतरी आहेत, मी जे सांगतेय ते त्या सगळ्यांनाच लागू पडेल. आम्ही १९८८ च्या मे महिन्यात इथे राहायला आलो. तीन एकराचा लेआउट, ४० प्लॉट, त्यातल्या बारा-तेरा प्लॉटवरच घरं झालेली, बाकी नुसतं गवत आणि दगड. रस्ता मुरमाचा, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालायचं. मिस्टर प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं प्रेस म्हटलं की कळतं, १९२५ ची सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ ची नोट प्रेस, अर्ध्या नाशिकरोडचा संसार त्या दोन प्रेसवर उभा राहिलाय. आमच्या कॉलनीत निम्मे प्रेसवाले, काही रेल्वेवाले, दोन-तीन मास्तर, एक एसटीतले, आणि बरेचसे जळगाव-धुळ्याकडचे. कर्ज काढून, पीएफ काढून, बायकांच्या पाटल्या मोडून सगळ्यांनी एकेक मजली घरं बांधली, पुढे थोडी बाग, मागे धुणं धुवायचा दगड आणि एक शेवगा किंवा पेरू.

तेव्हा आम्ही स्वतःला नाशिकचे समजतच नव्हतो. १९८२ ला महापालिका झाली तरी बोलताना नाशिकरोड वेगळं आणि नाशिक वेगळं, अजूनही आमच्याकडे शालिमारला किंवा मेनरोडला जायचं असलं की 'नाशिकला चाललोय' असंच म्हणतात. बिटकोपासून शेअर रिक्षा, दाटीवाटीने बसून गेलं की नाशिक, आणि संध्याकाळी परत आलं की आपली कॉलनी, पाखरांचा आवाज, कुणाच्या तरी घरातून येणारा लसणाच्या फोडणीचा वास आणि कोपऱ्यावर उभ्या चार बायका.

शांत म्हणजे एकदम आवाजच नाही असं नाही हां. प्रेसचा भोंगा व्हायचा, त्यावर आम्ही घड्याळ लावायचो आणि कुकरसुद्धा. देवळालीच्या तोफखान्याचा सराव असला की लांबून धडाड धडाड आवाज यायचे आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या, नवीन सून घाबरायची आणि सासू सांगायची काही नाही गं, तोफा आहेत. रात्री वारा स्टेशनच्या बाजूने असला की गाड्यांची अनाउन्समेंटही अर्धीमुर्धी ऐकू यायची, आणि पहाटे पासवाली माणसं पंचवटी एक्सप्रेस पकडायला लगबगीने निघाली की त्यांच्या स्कूटरच्या आवाजाने आम्हाला जाग यायची. हे सगळे आवाज होते, पण कुणाला त्यांचा त्रास नव्हता, ते आपापल्या वेळेला यायचे आणि जायचे. आता नवीन बिल्डिंगच्या जाहिरातीत 'शांत, निसर्गरम्य परिसर' असं छापतात आणि फोटो आमच्या रस्त्यावरच्या झाडांचा टाकतात. माझा त्याच्यावर राग नाही. पण ही शांतता आयती आलेली नाही एवढंच सांगायचंय, ती माणसांनी मिळून सांभाळली, रात्री दहानंतर टीव्ही हळू करून, कुत्र्यांना भाकरी घालून, दुपारी गाडीचा हॉर्न न वाजवून, कुणाच्या घरी आजारी माणूस असलं की पोरांना 'तिकडे खेळा रे' सांगून.

आणि पोरं जिथे जाऊन खेळायची ते म्हणजे ग्राउंड.

लेआउटच्या मधोमध एक चौकोनी जागा आहे, नकाशावर तिचं नाव ओपन स्पेस, आम्ही ग्राउंड म्हणतो. तिथे काहीच नाही, हेच त्या जागेचं मोठेपण. एक कडुनिंब आणि एक जांभूळ आहे, दोन्ही १९८९ च्या पावसाळ्यात कॉलनीतल्या माणसांनी नर्सरीतून आणून लावलेली, पहिली दोन वर्षं ज्याची पाळी असेल त्याने घरून बादलीने पाणी घालायचं असा नियम होता, मिस्टर सेकंड शिफ्ट असली की ते काम माझ्याकडे यायचं, मोठ्या मुलाला कडेवर घेऊन बादली ओढत नेल्याचं मला लख्ख आठवतं. नंतर निंबाला पार बांधला, वर्गणी काढून. कोपऱ्यात एक हापसा आहे. बस, एवढंच.

पण त्या एवढ्याशा जागेत काय काय झालंय ते लिहायचं तर दोन पानं लागतील. उन्हाळ्यात खाटा टाकून कुरडया वाळत घातल्या, नवरात्रात पोरींचा भोंडला, आमच्या जळगावकडच्या वहिनी तर भाद्रपदातच भुलाबाई बसवायच्या, तेव्हा माझ्या मुलीला दोन्हीकडची खिरापत मिळायची. गणपतीचे दहा दिवस मांडव. दिवाळीत ग्राउंडची माती नेऊन प्रत्येक दारात किल्ला. मुलांचं क्रिकेट, एक टप्पा आउट, कुंपणाच्या आत गेला की आउट आणि बॉल आणायला ज्याने मारला त्यानेच जायचं. कुणाच्या मुलीचं लग्न असलं की साखरपुडा तिथेच, आणि कुणी गेलं की पहाटे माणसं जमायची तीसुद्धा तिथेच, निंबाखाली, चुपचाप उभी. कोरोनात भाजीवाला तिथे गाडी लावायचा आणि आम्ही फक्कीने गोल आखून लांब लांब उभं राहायचो. कुठल्याही हॉलमध्ये हे सगळं झालं नसतं, कारण हॉलला कुलूप असतं, बुकिंग असतं आणि चावी कुणाकडे तरी असते.

आता मुद्द्यावर येते.

तीन आठवड्यापूर्वी सकाळी मी दूध घ्यायला बाहेर पडले तर ग्राउंडवर दोन माणसं टेप लावून मोजत होती आणि तिसरा फक्कीने रेघा मारत होता. मला वाटलं कुणाच्या घरचं कार्य आहे, मांडवाची आखणी चालू असेल. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला हॉल होणारे मावशी, मोठा, मस्त. कुठून कुठपर्यंत म्हटलं, तर त्याने हात करून दाखवलं, पाराच्या अलीकडून ते पार हापशाच्या कोपऱ्यापर्यंत. जांभूळ रेघेच्या आत. निंब बाहेर राहत होता पण त्याच्या बुंध्यापासून दोन पावलांवर खुंटी ठोकलेली. पोटात गोळा आला हो. मी विचारलं जांभळाचं काय, तर तो बिचारा कामावरचा माणूस, त्याला काय माहीत, म्हणाला ते साहेब बघतील.

त्या दिवसापासून मी आणि कॉलनीतल्या अजून दोघी-तिघी मागे लागलोय. काम कुणाचं, निधी कुठला, मंजुरी कुणाची हे तीन ठिकाणी विचारून झालं आणि तिन्ही ठिकाणी चौथीकडे पाठवलं. मी इथे कुणाचं नाव घेत नाही, मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये, मला फक्त काम थांबून आधी सगळ्यांना नीट विचारलं जावं असं वाटतं. माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयाचं तिकीट लावून, नियमाप्रमाणे ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे, पण ३० दिवसात पाया खणून होतो हेही आम्हाला कळतं.

दरम्यान कॉलनीतल्या एकांचा भाचा आर्किटेक्ट आहे, त्याने घरी येऊन आम्हाला सगळं समजावून सांगितलं आणि तेच मला तुमच्या वाचकांना सांगायचंय, कारण मी इतकी वर्षं इथे राहून मला स्वतःला ते माहीत नव्हतं. ४,००० चौरस मीटर म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठा लेआउट असला की त्यातली १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, ती त्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांच्या वापरासाठी असते, कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नसते, आपण प्लॉट घेतला तेव्हाच त्याच्या किमतीत ती आलेली असते. आमचा लेआउट तीन एकर, म्हणजे १२,००० चौरस मीटर धरा, त्याचं ग्राउंड झालं १,२०० चौरस मीटर. आता २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात जी एकत्रित बांधकाम नियमावली आली तिच्यात अशा मोकळ्या जागेवर काहीच बांधता येत नाही असं नाही, वाचनालय, व्यायामशाळा, बालवाडी, योगा सेंटर असलं काही बांधता येतं, पण जास्तीत जास्त दोन मजली, सगळं मिळून १५ टक्के, आणि तळमजल्याला १० टक्क्यांच्या वर जायचं नाही. म्हणजे आमच्या ग्राउंडवर खाली फार तर १२० चौरस मीटर, फुटात सांगायचं तर तेराशे स्क्वेअर फुटाच्या आसपास. त्या दिवशी फक्कीने आखलेला चौकोन आम्ही नंतर स्वतः पावलांनी आणि मग टेपने मोजला, तो जवळजवळ ५० बाय ८० फूट भरला. म्हणजे ४,००० स्क्वेअर फूट. पेपरवर काय दाखवलंय ते आम्ही पाहिलेलं नाही, पण जमिनीवर जे आखलंय ते डोळ्यासमोर आहे.

आता कुणी म्हणेल की जुनी माणसं आहेत, बदल नको असतो यांना. तसं नाहीये. कॉलनीत ४० प्लॉटपैकी ११ प्लॉटवर आता बिल्डिंगी झाल्यात, आमच्या डाव्या हाताचं घर गेलं तिथे सात मजली उभी आहे. मुलं पुण्याला, हिंजवडीला, कुणाची बाहेरदेशी, आईवडील ७५-८० चे, जिना चढवत नाही, गच्ची गळते, मग घर विकायचं किंवा बिल्डरला द्यायचं नाही तर काय करायचं, मी कुणालाही दोष देत नाही आणि उद्या आमच्यावरही ती वेळ येईल. नवीन आलेली माणसं चांगली आहेत. मालेगावहून, सिन्नरहून, कुणी परराज्यातूनही आलेत, दोघंही नोकरीला जातात, त्यांची लहान मुलं सहाव्या मजल्यावर आजीजवळ असतात आणि संध्याकाळी लिफ्टमधून खाली येऊन सरळ ग्राउंडकडे पळतात. दहा-बारा वर्षं आमचं ग्राउंड ओस पडल्यासारखं झालं होतं, आमची मुलं मोठी होऊन गेली आणि खेळायला कुणी उरलंच नव्हतं, पारावर आम्ही म्हातारी माणसं बसायचो आणि एकमेकांची शुगर विचारायचो. या पोरांनी ते परत भरलं. परवा एक चिमुरडा चेंडू आणायला माझ्या कुंपणात शिरला आणि आजी सॉरी म्हणाला, मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चार पेरू देऊन पाठवला.

तर हिशोब बघा. ४० बंगले होते तेव्हा १,२०० मीटर ग्राउंड, म्हणजे एका घरामागे ३० चौरस मीटर मोकळी जागा. आता ११ बिल्डिंगींचे फ्लॅट आणि उरलेली घरं धरून साधारण १६० कुटुंबं झाली, ग्राउंड तेवढंच, म्हणजे एका घरामागे साडेसात मीटर. मजले वर चढतात, जमीन काही वर चढत नाही ना. उरलेले बंगले पाडले की अजून दुप्पट माणसं येणार. ज्या वेळेला ग्राउंड दुप्पट करायला पाहिजे त्या वेळेला आपण आहे तेच झाकायला निघालोय, हे मला काही केल्या पटत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. दोन वर्षांपूर्वी विरंगुळा केंद्राच्या अर्जावर मी स्वतः सही केली होती. आमच्या बचत गटाच्या बायकांनाही बसायला जागा हवी होती, पावसात मीटिंग कुणाच्या तरी ओट्यावर घ्यावी लागायची, आणि ज्येष्ठांसाठी एक शेड, दोन बाक, कॅरम असं काहीतरी होईल असं सांगितलं होतं. एका कोपऱ्यात लहानशी शेड, यात काय वाईट आहे, म्हणून मी सही केली आणि शेजारच्या चार जणींच्याही घेतल्या. आता त्याच अर्जाकडे बोट दाखवून सांगतात की नागरिकांचीच मागणी होती. साहेब, मागणी शेडची होती. पन्नास बाय ऐंशीच्या हॉलची नव्हती. त्या चार जणींच्या घरी मी परत गेले आणि झालं ते सांगितलं, चौघींनीही आता हॉल नको म्हणून नवीन अर्जावर सही केलीये, सगळ्या मिळून ९३ सह्या झाल्यात, त्यात बिल्डिंगींतल्या ५० च्या वर आहेत.

हॉलच्या बाजूने बोलणारी माणसंही कॉलनीत आहेत आणि तीही आपलीच आहेत, त्यांचंही ऐकून घेतलं पाहिजे. एक म्हणणं असं की पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, आणि आता बिबट्याची भीती. ही भीती खोटी नाही. वडनेर दुमाल्याला बिबट्याच्या हल्ल्यात काय झालं ते सगळ्या नाशिकला माहीत आहे, जयभवानी रोडच्या बाजूला तर बिबट्या दिसणं नवीन राहिलं नाही, आमच्याकडेही नदीकाठच्या मळ्यांतून उसातून तो कधीही येऊ शकतो आणि अंधार पडल्यावर मी नातवाला एकटं बाहेर सोडत नाही. पण गवताला औषध हॉल नाही, गवताला औषध गवत कापणं आहे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मशीन फिरवलं, दोन खांब टाकून नीट लाइट लावले आणि कोपऱ्यात जो कचरा टाकतात तो बंद केला, की कुत्री-डुकरं जमणार नाहीत आणि त्यांच्या मागावर दुसरं कुणी येणार नाही. मुलं खेळती असलेलं, स्वच्छ, उजेडाचं ग्राउंड त्या हॉलच्या मागच्या अंधाऱ्या बोळापेक्षा केव्हाही सुरक्षित.

दुसरं म्हणणं अभ्यासिकेचं. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं आमच्या भागात खूप आहेत, त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो, घरात दोन खोल्या आणि चार माणसं, वाचणार कुठे. पण आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर एक समाजमंदिर बांधलेलं आहे, चांगलं स्लॅबचं, त्याला वर्षातले बरेच दिवस कुलूप असतं. आधी ते उघडा ना. तिथे टेबलं लावा, पंखे लावा, आम्ही बचत गटातून दोन पंखे देतो. ते रिकामं असताना दुसरं कशाला.

तिसरं म्हणणं पार्किंगचं, हॉल नाही तर नाही, निदान पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या तरी लावू द्या. याला मात्र मी सरळ नाही म्हणते. प्रत्येक बिल्डिंगला तिच्या प्लॉटमध्ये पार्किंग दाखवूनच परवानगी मिळते, मग गाड्या मुलांच्या जागेत का. एकदा गाड्या लागल्या की 'काच फुटेल, खेळू नका' सुरू होणार आणि मग पोरं गेटच्या आत मोबाइल घेऊन बसणार, नंतर आपणच म्हणणार हल्लीची मुलं मैदानावर जात नाहीत.

आणि हॉल झाला की तिथे काय होणार हे जरा मोकळेपणाने बोलूया. पहिले सहा महिने भजनी मंडळ, बचत गट, नंतर साखरपुडे, वाढदिवस, मग डीजे. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी २००० सालच्या नियमातच आहे, रात्री १० ते सकाळी ६ तर लाउडस्पीकर उघड्यावर वाजवायलाच बंदी. पण नियम कागदावर आणि डीजे खिडकीखाली. ११२ ला फोन लावायचा तर तोही आपण, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरचं कार्य होतं त्याचं तोंड बघायचं तेही आपणच. गल्लीच्या आत, बेडरूमच्या खिडकीपासून २० फुटांवर हॉल ठेवून मग शांततेच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

पाण्याचंही सांगते, कारण हे कुणी लक्षातच घेत नाही. आमचे रस्ते एकावर एक थर टाकून इतके वर आलेत की जुन्या घरांचे ओटे आता रस्त्याच्या खाली गेलेत, आमच्या गेटला पूर्वी दोन पायऱ्या चढून आत यावं लागायचं, आता एक पायरी उतरावी लागते. रस्ता काँक्रीटचा, दोन्ही बाजूला पेव्हर ब्लॉक, बंगल्यांच्या अंगणातही फरशी. जोराचा पाऊस झाला की पाण्याला मुरायला जागा फक्त ग्राउंड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला त्या दिवशी आमच्या रस्त्यावरून पोटरीएवढं पाणी वाहत होतं आणि ते सगळं ग्राउंडात जाऊन थांबलं म्हणून तीन-चार घरं वाचली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मातीने ते पिऊन टाकलं. आमच्या हापशालाही त्याच्यामुळेच पाणी आहे अशी माझी तरी पक्की समजूत आहे. नाशिकरोडला नळाचं पाणी दारणेतून चेहेडीच्या बंधाऱ्यावरून येतं, तिकडे लाइट गेली किंवा पाण्याला वास यायला लागला की अख्खी कॉलनी हंडे घेऊन हापशावर उभी असते, बिल्डिंगवालेसुद्धा. त्या हापशाच्या बाजूला चार हजार फुटाचा स्लॅब पडला की काय होईल?

झाडांचं थोडक्यात. २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात बदल झाला, ५० वर्षं किंवा त्याच्या वरचं झाड हेरिटेज वृक्ष धरतात. आमची झाडं १९८९ ची, त्यांना ५० व्हायला २०३९ उजाडेल, म्हणजे तो आधार आम्हाला नाही. पण परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडलंच तर झाडाचं वय जितकं तितकी नवीन झाडं लावावी लागतात. कुंभमेळ्याच्या तयारीसाठी तपोवनातली झाडं तोडायचं निघालं तेव्हा त्या झाडांसाठी सगळं नाशिक बोललं, कुंभमेळा सगळ्यांनाच हवाय तरी बोललं, मला त्याचा फार अभिमान वाटला. आमचं एक जांभूळ आहे, त्याच्यासाठी कोण बोलणार, आम्हीच बोललं पाहिजे. मे संपता संपता त्याच्याखाली जांभळाचा सडा असतो, पोरांच्या शर्टावर डाग आणि आया ओरडतायत, दरवर्षी.

आमचं मागणं फार नाहीये. मंजूर लेआउटचा नकाशा आणि ग्राउंडचं क्षेत्रफळ लिहिलेला एक बोर्ड तिथेच लावा, म्हणजे कुणालाही दिसेल की ही जागा काय आहे आणि किती आहे, खरं तर नाशिकमधल्या प्रत्येक ओपन स्पेसवर असा बोर्ड पाहिजे. जे काही करायचं ते करण्याआधी रविवारी सकाळी त्या पाराजवळच सगळ्यांना बोलवा आणि नकाशा दाखवा. निधी खर्चच करायचा असेल तर लाइट, गवत कापणं, चार बाक, एक नळ आणि कडेने म्हाताऱ्या माणसांना चालता येईल अशी मातीचीच दाबलेली पायवाट, टाइल्स नकोत, टाइल्सवर पावसात घसरून आमच्या दोन मैत्रिणींची हाडं मोडलीत. आणि शेड पाहिजेच असेल तर कोपऱ्यात, लहान, नियमात बसेल तेवढी, तिला माझी सही आजही आहे.

परवाच्या अवकाळीने फक्कीच्या रेघा धुऊन गेल्या पण खुंट्या तशाच आहेत, त्यातली निंबाजवळची पोरांनी स्टंप म्हणून वापरायला घेतलीये. कामवाला माणूस परत येऊन सांगून गेला की पुढच्या आठवड्यात जेसीबी येणार.

आमच्या समोर एक काका राहतात, ८४ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हापासून एकटेच. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून रोज संध्याकाळी वॉकर घेऊन ग्राउंडला फेऱ्या मारतात. मोजणं विसरतात म्हणून खिशात दहा खडे घेऊन येतात, एक फेरी झाली की पाराच्या कडेला एक खडा ठेवायचा, दहाही खडे पारावर गेले की घरी. कधीकधी पोरं मुद्दाम एखादा खडा लपवतात म्हणजे काकांना अजून एक फेरी मारावी लागते आणि पोरांना त्यांच्याशी अजून थोडं बोलता येतं. काकांना ते कळतं पण ते काही बोलत नाहीत, निमूट अकरावी फेरी मारतात.

आपला वार्ताहर पाठवता आला तर जेसीबी यायच्या आत पाठवा. संध्याकाळी साडेपाचनंतर आलात तर बरं, काका तेव्हा ग्राउंडवर असतात आणि पोरंही. मी चहा घेऊन पारावरच येते.

आपली नम्र,
एक वाचक,
जेलरोड, नाशिकरोड